निवडणुकीचे पंचांग कोणाच्या हाती?
बेंगळुरू महानगरपालिकेचे निवडणूक-नियम आणि कष्टकरी मतदार

(बेंगळुरू येथील मराठी भाषिक पक्षसभासद व सहानुभूतीदारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तो रुक्ष आहे असे काहींना वाटले असेल. निवडणुकीचे नियम हे कचेरीतील अधिकाऱ्यांचे आणि वकिलांचे काम. आपले काम प्रचाराचे, सभांचे आणि दारोदार जाण्याचे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या शहरात आपण आज जमलो आहोत, त्या शहराचा अलीकडचा इतिहास पाहिला तर ही समजूत किती महागात पडते हे ध्यानात येईल.

बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेसाठी शेवटचे मतदान २२ ऑगस्ट २०१५ रोजी झाले. त्या मतदानातून निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०२५ साल सरले तरी बेंगळुरूच्या मतदाराला पुन्हा मतपेटीपर्यंत जाता आलेले नव्हते. एका सभागृहाची संपूर्ण मुदत, म्हणजे पाच वर्षे, नगरसेवकांवाचून निघून गेली. या काळात कर वसूल झाले, रस्ते खोदले गेले, ठेके दिले गेले, झोपडपट्ट्यांवर कारवाया झाल्या; परंतु यांपैकी कशाचाही जाब मतदाराने निवडून दिलेल्या नगर-प्रतिनिधीला सभागृहात विचारता आला नाही.

आणि हे सारे कोणतीही आणीबाणी जाहीर न करता, कोणताही मतदानाचा हक्क उघडपणे काढून न घेता घडले. ते नियमांच्या आधारे घडले. म्हणूनच नियमांचा अभ्यास हा आपल्या दृष्टीने राजकीय प्रश्न आहे.

संविधानाचा आदेश

प्रारंभी शब्दांविषयी एक खुलासा. आपले वाचक आणि श्रोते अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. महाराष्ट्रात ज्याला आपण प्रभाग म्हणतो त्याला इंदूर-ग्वाल्हेरकडे आणि येथे वॉर्डच म्हणतात. सरकारी कागदांत ज्याला परिसीमन म्हटले जाते ती आपली प्रभागरचना. शब्द निरनिराळे असले तरी व्यवहार एकच आहे, तो हा की शहराच्या नकाशावर रेघा कोणी ओढायच्या आणि कोठे ओढायच्या.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ साली संमत झाली आणि १ जून १९९३ पासून अमलात आली. तत्पूर्वी नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसवून ठेवणे हा राज्य सरकारांचा सर्रास व्यवहार होता. तो थांबावा म्हणून या दुरुस्तीने काही गोष्टी स्पष्ट शब्दांत घालून दिल्या. कलम २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही. नवी निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे. मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांच्या आत. बरखास्त करण्यापूर्वी त्या संस्थेला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. कलम २४३-झेडए नुसार मतदारयाद्या तयार करणे व निवडणुका घेणे यांची देखरेख, निर्देशन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे राहील. कलम २४३-टी ने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. कर्नाटकाने पुढे स्त्रियांचा वाटा निम्म्यापर्यंत नेला.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात हा आदेश बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. प्रभागरचना किंवा मतदारयादीची फेरतपासणी बाकी आहे, ही निवडणूक लांबवण्याची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या क्षेत्रात राज्य निवडणूक आयोगाचा अधिकार केंद्रीय निवडणूक आयोगाच्या बरोबरीचा आहे, असेही त्या निकालात आहे. २०२२ साली मध्य प्रदेशासंबंधीच्या सुरेश महाजन खटल्यात न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली.

मग असा स्पष्ट आदेश असताना बेंगळुरूत पाच वर्षे मतदान का झाले नाही?

पळवाट कोठे आहे?

उत्तर असे की संविधानाने निवडणूक घेण्याचे काम आयोगाला दिले. परंतु निवडणूक ज्या पायावर उभी राहते तो पाया मात्र राज्य सरकारच्या ताब्यात राहू दिला. प्रभाग किती असावेत हे विधिमंडळाचा कायदा ठरवतो. त्यांच्या सीमा कोठे पडाव्यात आणि कोणता प्रभाग कोणासाठी राखीव असावा, याची अधिसूचना सरकारचे नगरविकास खाते काढते. या दोन अधिसूचना हाती पडल्याखेरीज आयोगाला कार्यक्रम जाहीर करता येत नाही. थोडक्यात, स्वयंपाक आयोगाने करायचा. परंतु शिधा सरकारने काढून द्यायचा. शिधा दिलाच नाही तर चूल पेटत नाही आणि उपाशी मात्र मतदार राहतो.

बेंगळुरूत शिधा कसा अडवला गेला ते क्रमाने पाहू. २०१० आणि २०१५ या दोन्ही निवडणुका १९८ प्रभागांत झाल्या होत्या. २०२० साली मुदत संपत आली तेव्हा राज्य सरकारने कायदा करून प्रभागांची संख्या २४३ केली. ४ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने जुन्या १९८ प्रभागांवरच निवडणूक घ्या असा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. २४३ प्रभागांचे नकाशे निघण्यास जुलै २०२२ उजाडला. ऑगस्टमध्ये आरक्षणाची अधिसूचना निघाली. स्त्रिया आणि मागासवर्गीय यांच्या जागांचे ते वाटप उच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२२ रोजी रद्द केले आणि वर्षअखेरपर्यंत निवडणूक घेण्यास सांगितले. ती झाली नाही. २०२३ च्या मे महिन्यात राज्यातील सरकार बदलले. नव्या सरकारने रचना पुन्हा हाती घेतली आणि सप्टेंबरमध्ये प्रभागांची संख्या २२५ झाली. त्यावरही मतदान झाले नाही. पुढे बृहत् बेंगळुरू प्रशासन कायदा आला, १५ मे २०२५ पासून अमलात आला, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी एका महानगरपालिकेच्या जागी मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा पाच महानगरपालिका स्थापन झाल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांचे मिळून ३६९ प्रभाग ठरले.

१९८, २४३, २२५, ३६९. पाच वर्षांत चार आकडे झाले, आणि नव्या तीन आकड्यांपैकी एकावरही ते वर्ष सरेपर्यंत मतदान झाले नाही. या प्रत्येक आकड्यामागे तज्ज्ञांची समिती होती, अहवाल होता, हरकती व सूचनांची मुदत होती. नियम मोडला गेला असे कोणत्याही एका पायरीवर बोट ठेवून सांगणे कठीण. परंतु साऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर संविधानाचा मूळ आदेशच मोडलेला आढळतो.

पाच महानगरपालिका करणे मुळातच वाईट, असे आपले म्हणणे नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८४ लाखांवर होती; तेव्हाच एका प्रभागात सरासरी ४२ हजारांहून अधिक माणसे येत होती. प्रभाग लहान झाले, नगरसेवक वस्तीच्या जवळ आला, तर कष्टकऱ्यांना ते हवेच आहे. परंतु विकेंद्रीकरण करायचे तर सत्ता खाली गेली पाहिजे. येथे पाच महानगरपालिकांच्या डोक्यावर जे प्राधिकरण बसवले आहे त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री आहेत. शहराच्या सभागृहाने ठरवायच्या मोठ्या गोष्टी राज्याच्या सचिवालयाच्या सावलीत गेल्या. त्याहून महत्त्वाचे असे की पुनर्रचना चांगली असो वा वाईट, तिच्यासाठी लागणारा वेळ मतदाराच्या हक्कातून कापून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पक्ष बदलले, रीत बदलली नाही

हा दोष एखाद्या पक्षाचा किंवा मंत्र्याचा आहे असे मानले तर आपले विश्लेषण अपुरे राहील. २००६ च्या नोव्हेंबरात बेंगळुरूच्या सभागृहाची मुदत संपली होती. त्यानंतर भोवतालच्या सात नगरपरिषदा, एक पुरसभा आणि शंभराहून अधिक गावे जोडून २००७ साली बृहत् महानगरपालिका झाली, आणि मतदान थेट २८ मार्च २०१० रोजी झाले. त्या काळात जनता दल (सेक्युलर) आणि भारतीय जनता पक्ष यांची आघाडी, राष्ट्रपती राजवट आणि भाजपचे सरकार अशा तीन राजवटी होऊन गेल्या. २०१५ साली काँग्रेस सरकारने मुदत संपता संपता सभागृह बरखास्त करून प्रशासक नेमला, शहराच्या विभागणीचा घाट घातला, आणि निवडणूक न्यायालयीन आदेशांनंतर ऑगस्टमध्ये झाली. २०२० ते २०२३ भाजप, त्यानंतर पुन्हा काँग्रेस. सत्तेवरचे पक्ष बदलत गेले. प्रशासकाची खुर्ची मात्र प्रत्येकाला सोयीची वाटली.

महाराष्ट्रातील साथींनी याकडे परराज्यातील गोष्ट म्हणून पाहू नये. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. कोल्हापूर, नवी मुंबई, औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सभागृहांची मुदत तर २०२० सालीच संपली होती. मुंबईच्या प्रभागांचे आकडेही असेच हलले: २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलताच पुन्हा २२७. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगावे लागले, आणि तीही मुदत पुढे वाढवून घेण्यात आली.

याचे कारण शहराच्या अर्थकारणात आहे. महानगरातील जमीन हे आज भांडवल गुंतवण्याचे मोठे क्षेत्र आहे. बांधकाम-परवाने, चटईक्षेत्र, कचरा उचलण्याचे ठेके, रस्त्यांची कामे यांचे निर्णय ज्याच्या सहीने होतात, त्याच्याभोवती बिल्डर आणि ठेकेदार गोळा होतात. निवडून आलेले सभागृह भ्रष्ट असू शकते, अनेकदा असतेही. परंतु तेथे विरोधी सभासद प्रश्न विचारतो, वृत्तपत्रांना बातमी मिळते, गल्लीतील माणूस नगरसेवकाच्या दारात जाऊन बसतो. प्रशासकाच्या दालनात यांपैकी काहीच नसते. तेथील सहीवर राज्यातील सत्ताधाऱ्यांचा एकहाती ताबा असतो. म्हणून हा विलंब गलथानपणाचा वाटला तरी त्यात हितसंबंध आहेत.

मतदानानंतरचे नियम

निवडणूक झाली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. २०१५ साली बेंगळुरूत १९८ पैकी १०० जागा भाजपने जिंकल्या. काँग्रेसला ७६ मिळाल्या. तरीही महापौर काँग्रेसचा झाला. काँग्रेसने जनता दल (सेक्युलर) आणि अपक्षांची साथ मिळवली हे एक कारण; परंतु तेवढ्याने बहुमत होत नव्हते. येथील नियमानुसार शहरातील आमदार, खासदार आणि विधान परिषदेचे सभासद यांनाही महापौराच्या निवडीत मत होते. अशा सुमारे साठ मतांनी प्रभागांतून आलेला कौल फिरवला. आपला भाजपला असलेला विरोध सर्वश्रुत आहे. परंतु जो नियम आज आपल्या विरोधकाचे बहुमत बुडवतो तो उद्या कामगार-आघाडीचेही बुडवील. नियमाचे मूल्यमापन तो कोणाच्या उपयोगी पडला यावरून नव्हे, तर मतदाराच्या कौलाचे तो काय करतो यावरून झाले पाहिजे.

दुसरे उदाहरण बेळगावचे आहे आणि मराठी वाचकांना ते जवळचे आहे. २००५ साली तेथील महानगरपालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने ते सभागृह बरखास्त केले. सीमाप्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो, ठराव आवडला नाही म्हणून शहराचे सभागृहच मोडायचे, हे लोकशाहीत बसत नाही. पुढे ३ सप्टेंबर २०२१ रोजी बेळगावात मतदान झाले. परंतु महापौराची निवड झाली ती ६ फेब्रुवारी २०२३ रोजी. सतरा महिने नगरसेवक होते आणि महापौर नव्हता. मराठी मतदार, कन्नड मतदार आणि उर्दू मतदार यांच्यात या बाबतीत काहीही भेद झाला नाही. तिघांचेही मत सारखेच अडवून ठेवले गेले. भाषेच्या नावाने आपल्याला एकमेकांपासून तोडू पाहणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

मतदार कोण?

शहराच्या निवडणुकीत मत कोणाला असावे, हा प्रश्न या देशात कष्टकऱ्यांनी लढून सोडवला आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईत ६४ सभासदांचे मंडळ झाले आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. म्हणजे शहर ज्यांच्या घामावर चालत होते त्या गिरणी कामगारांचा त्यात संबंध नव्हता. प्रौढ मताधिकाराने मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत, मीरत खटल्यातील एक आरोपी आणि गिरणी कामगारांचे पुढारी कॉम्रेड एस. एस. मिरजकर त्याच शहराचे महापौर झाले. मताधिकाराचा नियम बदलला आणि महापौराच्या खुर्चीवर बसणारा वर्गही बदलू शकला, हा त्या घटनेचा अर्थ आहे.

आज कायद्याने कोणालाच मत नाकारलेले नाही. परंतु महानगरपालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून, प्रभागवार फोडून तयार होते. ज्याचे नाव त्या मूळ यादीत नाही त्याला प्रभागातही मत नाही. बेंगळुरूच्या कपडा कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांचा विचार करा. खेड्यातून आलेल्या, पीण्या किंवा बोम्मनहळ्ळीच्या एका खोलीत चौघीजणी राहणाऱ्या, भाडेकरार नसलेल्या या कामगारांपैकी अनेकींचे नाव गावच्या यादीत राहिलेले असते. बिदर-कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची, त्यांतील मराठी बोलणाऱ्यांचीही, तीच स्थिती. शहराचे पाणी, शौचालय, दिवाबत्ती, बस यांची गरज सर्वांत अधिक ज्यांना आहे, त्यांचेच नाव यादीत सर्वांत कमी. २०१५ साली या शहरात सुमारे ४९ टक्के मतदान झाले. उरलेल्यांना सुशिक्षित मंडळी उदासीन म्हणून मोकळी होतात. ज्यांची नावे मुळात यादीतच नाहीत ते तर या टक्केवारीतही मोजले जात नाहीत.

याच कपडा कामगार स्त्रियांनी एप्रिल २०१६ मध्ये काय केले ते आठवा. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्र सरकारने एका अधिसूचनेने निर्बंध घातले. कोणत्याही मोठ्या संघटनेची हाक नसताना हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि दोन दिवसांत ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. राजपत्रातील नियम हा ब्रह्मलिखित नव्हे, तो बदलता येतो, हे त्यांनी कोणत्याही अभ्यासवर्गावाचून सिद्ध केले.

वेळेवर निवडणूक म्हणजे हरण्याची तयारी

येथे कोणी विचारील की हे तुमच्या हाती असते तर तुम्ही काय केले असते? प्रश्न रास्त आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने स्थानिक निवडणुकांसाठी मतदानाचे वय १८ केले ते १९८८ च्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. केरळमध्ये प्रभागरचनेसाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग असतो. तेथे २०२० च्या डिसेंबरात स्थानिक निवडणुका झाल्या आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात, ठरल्या वेळी, डाव्या लोकशाही आघाडीचे सरकार असताना झाल्या. त्या निवडणुकांत डाव्या आघाडीचा मोठा पराभव झाला; अनेक दशके ताब्यात असलेली तिरुवनंतपुरम महानगरपालिकाही गेली. हा पराभव कडू आहे आणि त्याची चिकित्सा झालीच पाहिजे. परंतु निवडणूक पुढे ढकलून पराभव टाळावा हा मार्ग तेथे स्वीकारला गेला नाही. जो पक्ष हरण्याच्या भीतीने मतदाराला थांबवून ठेवतो, त्याला लोकशाहीवर बोलण्याचा अधिकार उरत नाही. आपल्याला तो अधिकार जपायचा आहे.

आपल्या मागण्या आणि आपली कामे

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात.

एक, प्रभागांची संख्या, सीमा आणि आरक्षणाचा चक्रानुक्रम ठरवण्याचे काम राज्य सरकारकडून काढून निवडणूक आयोगाच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे.

दोन, मुदत संपण्यापूर्वी ठराविक काळात नवी रचना पूर्ण झाली नाही तर जुन्याच रचनेवर निवडणूक व्हावी, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात असावी.

तीन, महापौर आणि उपमहापौर यांच्या निवडीत मत फक्त प्रभागांतून निवडून आलेल्यांनाच असावे, आणि ही निवड निकालानंतर ठराविक दिवसांत बंधनकारक असावी.

चार, भाडेकरू, स्थलांतरित आणि बेघर यांची मतदारनोंदणी वस्तीत जाऊन व्हावी; घरमालकाच्या कागदावर ती अवलंबून नसावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिक निवडणुका यंत्राऐवजी मतपत्रिकेवर घेण्याची शिफारस केली आणि त्यावर मोठा वाद रंगला. तो प्रश्न गौण नाही. परंतु मतपत्रिका की यंत्र हा वाद मतदानाचा दिवस उजाडल्यावरचा आहे. ज्या शहरात तो दिवसच उजाडत नाही तेथे पहिला प्रश्न तारखेचा.

मागण्या कागदावर लिहून चालणार नाही, हे आपण जाणतो. न्यायालयांनी या शहराच्या बाबतीत एकामागून एक आदेश दिले आणि सरकारांनी ते एकामागून एक पचवले. न्यायालयाचा उपयोग करावा. त्यावर विसंबू नये. म्हणून प्रत्येक शाखेने काही साधी कामे अंगावर घ्यावीत. प्रभागरचनेचा मसुदा निघाला की त्याचा नकाशा मिळवावा आणि वस्तीत भिंतीवर लावावा. आपली झोपडपट्टी दोन-तीन प्रभागांत फोडली गेली आहे काय, हे लोकांबरोबर बसून पाहावे. हरकतींची मुदत थोड्या दिवसांची असते. त्या दिवसांत शंभर सह्यांची लेखी हरकत दाखल करून पोच घ्यावी, कारण पुढे न्यायालयात तोच कागद बोलतो. मतदारयादीचे गल्लीवार वाचन करावे. कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटताना, नावनोंदणीचे नमुने घेऊन उभे राहावे. कन्नड वाचता न येणाऱ्या मराठी, तमीळ, हिंदी भाषिक कामगारांना अधिसूचनेचा अर्थ त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. आणि हे काम कन्नड साथींच्या खांद्याला खांदा लावून करावे, कारण हे शहर आणि त्याचा लढा दोन्ही सामायिक आहेत.

ही कामे दिसायला किरकोळ आहेत. त्यांना हार नाहीत आणि टाळ्या नाहीत. परंतु सत्ताधारी वर्ग निवडणूक मतदानाच्या दिवशी जिंकत नसतो. नकाशा, यादी आणि तारीख या तीन कागदांवर तो ती कितीतरी आधी जिंकून ठेवतो. ते तीन कागद कष्टकरी जनतेच्या हाती देणे, वाचून देणे आणि त्यांवर तिला बोलते करणे, हे या अभ्यासवर्गातून उठल्यावरचे आपले पहिले काम आहे.